अ तुकडी नसलेल्या शाळेत

२०२२ सालचा मे महिना. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेच्या पोर्टलवर लेकीची सहावीची प्लेसमेंट आली, म्हणजे कुठल्या विषयाला कुठल्या पातळीचा वर्ग ते. तीनच ओळी होत्या. गणित : ॲक्सिलरेटेड. लँग्वेज आर्ट्स : ग्रेड लेव्हल. गिफ्टेड अँड टॅलेंटेड : नॉट आयडेंटिफाइड. सव्वासहाला आमच्या गावातल्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप गटावर पेढ्यांची चित्रं यायला लागली. मी फोन पालथा घातला आणि पोळ्या लाटत राहिले.

खास हुशार मुलांच्या गटात लेकीची निवड नाही, असं सांगणाऱ्या त्या तिसऱ्या ओळीने मला फार लागलं. पुढची दोन-तीन वर्षं ज्या वाटेने आम्ही गेलो, ती वाट मला त्या संध्याकाळी माहीत असती तर कदाचित एवढं लागलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये कुणीतरी नवी आई लायब्ररीत मला गाठून अशाच ओळींचा अर्थ विचारते.

आम्ही २०१८च्या जुलैत पुण्याहून न्यू जर्सीला आलो. लेक दुसरीत बसली. पुण्यात ती मराठी बालवाडीत आणि मग मराठी पहिलीत होती, त्यामुळे इंग्रजी अगदी कामचलाऊ. शाळेने तिला ईएसएलच्या वर्गात घातलं, म्हणजे ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी रोज एक वेगळा तास. अशा मुलांची दरवर्षी हिवाळ्यात ॲक्सेस नावाची इंग्रजीची चाचणी होते. तिसरीत ती त्यातून मोकळी झाली, आणि दोन महिन्यांत करोनाने शाळाच बंद झाली. चौथी संपूर्ण स्क्रीनवर गेली. पाचवीत मास्क लावून शाळा सुरू झाली, आणि ऑक्टोबरात तिच्या वर्गाची कोगॅट चाचणी झाली. कोगॅट म्हणजे कॉग्निटिव्ह ॲबिलिटीज टेस्ट. शाळेतून एक ईमेल आला होता. मी वाचून सोडून दिला. एवढ्या परीक्षा होतात, त्यातलीच एक, असं वाटलं.

माझ्या डोक्यात तोवर 'तुकडी' होती. आमच्या तालुक्याच्या हायस्कुलात आठवीला मार्कांवरून तुकड्या पडत. अ तुकडी हुशारांची, तिला चांगले गुरुजी, तिच्याच खिडकीला पडदे. मी ब तुकडीत होते आणि ते मी आजही विसरलेले नाही. म्हणून पोर्टलवरच्या तीन ओळी वाचताना मला वाटलं की लेक ब तुकडीत गेली.

इथे तशी तुकडीच नसते, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. आमच्याकडे मिडल स्कूल म्हणजे सहावी ते आठवी. अख्खा वर्ग एका खोलीत बसून राहत नाही. घंटा झाली की प्रत्येक मूल आपलं दप्तर उचलून आपापल्या पुढच्या तासाच्या खोलीत जातं. म्हणून एकच मूल गणिताला वरच्या वर्गात, भाषेला साध्या आणि विज्ञानाला सगळ्यांबरोबर असू शकतं. तिथल्या 'ऑनर्स' या शब्दाचा अर्थ एवढाच, की तो विषय त्या तासाला जास्त खोलात आणि जास्त वेगाने शिकवतात. लिहिणं जास्त, वाचणं जास्त. 'ॲक्सिलरेटेड' हे बहुतेक गणितापुरतं, आणि त्यात पुढच्या वर्षांचा अभ्यासक्रम आधी आणलेला असतो. गिफ्टेड अँड टॅलेंटेड, ज्याला सगळे जीअँडटी म्हणतात, ते तिसरंच प्रकरण. आमच्या शाळेत ते सहा दिवसांतून एकदा असतं. निवडलेली दहा-बारा मुलं नेहमीच्या वर्गातून उठून एका शिक्षिकेकडे जातात आणि वादविवाद, प्रकल्प, कोडी असं काही करतात. याला पुल-आउट म्हणतात. या तीन गोष्टींची दारं वेगळी, किल्ल्या वेगळ्या. एका दारातून आत गेलं म्हणून दुसरं उघडत नाही. शेजारच्या गावात हेच सगळं वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या नियमांनी चालतं, कारण हुशार मुलांसाठी शाळांनी काय करावं याची सक्ती करणारा केंद्राचा कायदा अमेरिकेत नाही. ते राज्यावर आणि त्याहून जास्त स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे गावच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेवर, सोडलेलं आहे.

माझ्या पुण्याच्या दिरांनी विचारलं होतं, "म्हणजे प्रबोधिनीसारखं का?" नाही. ज्ञान प्रबोधिनी अप्पा पेंडशांनी १९६२ साली सुरू केली, तिची प्रशाला प्रज्ञावान मुलांसाठीच, आणि पाचवीला चाचण्या घेऊन त्या शाळेत मुलं घेतात. इथे शाळा तीच, सगळ्यांची, आणि तिच्या पोटात हे वेगवेगळे तास.

मी काउन्सेलरला ईमेल केला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि आठवड्याभरात भेटीची वेळ मिळाली. समोर काउन्सेलर आणि एक सुपरवायझर. मी जय्यत तयारीने गेले होते, लेकीच्या पाच वर्षांच्या गुणपत्रिका फायलीत लावून. सुपरवायझरबाईंनी त्या बाजूला ठेवल्या आणि एक कागद समोर सरकवला. कोगॅटचा अहवाल. हा मला पोर्टलवर एका कोपऱ्यात आधीपासून दिसत होता, मी उघडलाच नव्हता.

कोगॅटमध्ये तीन भाग असतात : शब्दांचा, संख्यांचा आणि आकृत्यांचा. प्रत्येक भागात तीन प्रकारचे प्रश्न. शब्दांत गटात बसणारा शब्द ओळखा, संख्यांत मालिका पूर्ण करा, आकृत्यांत घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते सांगा. मी बघतच राहिले. ही तर चौथीच्या स्कॉलरशिपची बुद्धिमत्ता चाचणी! माझी आई सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि शाळा भरण्याआधी स्कॉलरशिपचे जादा तास घ्यायची. (तेव्हा ती परीक्षा चौथी आणि सातवीला होती, मधली काही वर्षं ती पाचवी आणि आठवीला नेली होती.) संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, सगळं मी त्या तासांना फळ्यावर पाहिलेलं.

लेकीचे आकडे असे होते. संख्या १२६, आकृत्या १२७, शब्द १०९. या मापात १०० ही त्या वयाच्या मुलांची सरासरी धरतात. पर्सेंटाइलमध्ये संख्या आणि आकृत्या ९५, शब्द ७१. इथे एक गोष्ट सांगते, कारण आपल्याकडचे बरेच पालक इथे फसतात आणि मीही फसले होते : ७१ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ७१ मार्क नव्हेत. त्या वयाच्या शंभर मुलांची रांग लावली तर त्यातली ७१ तिच्या मागे उभी राहतील, असा त्याचा अर्थ. अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात एक खूण होती : ८ बी, आणि कंसात व्ही उणे. आठ म्हणजे एक ते नऊच्या पट्टीवर तिची मधली जागा. बी म्हणजे तीनपैकी एक भाग बाकीच्या दोघांहून उठून वेगळा आहे. व्ही उणे म्हणजे तो भाग शब्दांचा, आणि तो खाली आहे. मी इतकी वर्षं जे पाहत होते ते त्या चार खुणांत होतं. लेक विचार पटकन करते, पण इंग्रजीत तो पकडायला तिला वेळ लागतो.

"मग तिन्हींची सरासरी काढून तुम्ही तिला बाहेर का ठेवलंत?" मी विचारलं. आवाज थोडा चढला होता.

बाईंनी शांतपणे सांगितलं, आणि ते सांगणं मला आजही उपयोगी पडतं. न्यू जर्सीत २०२० सालच्या जानेवारीत जीअँडटीचा नवा कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक डिस्ट्रिक्टने मुलं ओळखलीच पाहिजेत, एकाच चाचणीवर नव्हे तर अनेक मापांवर ओळखली पाहिजेत, आणि तुलना करायची ती त्याच डिस्ट्रिक्टमधल्या त्याच वयाच्या मुलांशी. शेवटचं वाक्य नीट वाचा, त्या म्हणाल्या. देशाच्या रांगेत ही मुलगी बरीच पुढे आहे, पण आमच्या गावच्या रांगेत तेवढी पुढे नाही. आमचं गाव म्हणजे घरटी एक इंजिनिअर. तीच मुलगी तीस मैलांवरच्या दुसऱ्या गावात जीअँडटीत असती.

हे ऐकून मला राग यायला हवा होता, पण उलट मन जरा हलकं झालं. 'नॉट आयडेंटिफाइड' हे माझ्या मुलीचं वर्णन नव्हतं. ती एका गावातल्या एका वर्षाच्या रांगेतली जागा होती.

तरी मी सोडलं नाही. अनेक मापं म्हणजे कोणती, हे विचारलं. राज्याची वार्षिक परीक्षा, वर्गातले गुण, शिक्षकांनी भरलेली निरीक्षणांची यादी आणि कोगॅट. राज्याची परीक्षा २०२० आणि २०२१ या दोन्ही वसंतांत झालीच नव्हती. निरीक्षणं ज्या बाईंनी भरली त्यांनी लेकीला मास्कच्या वरचे दोन डोळे एवढंच पाहिलं होतं. म्हणजे चार मापांपैकी दोन लंगडी, आणि तिसऱ्यावर सगळा भार. बाईंनी ते मान्य केलं, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. त्या बचावाला गेल्या नाहीत. पुढच्या मार्चमध्ये भाषेच्या ऑनर्ससाठी लेखनाची चाचणी असते, ती तिला देता येईल, असं त्यांनी त्याच दिवशी लिहून दिलं. तक्रार करायची तर शाळा मंडळाकडे आणि तिथे समाधान झालं नाही तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे जाता येतं, हेही सांगितलं. मला तिथवर जावंसं वाटलं नाही. पुढची तारीख कागदावर मिळाली होती, तेवढं मला पुरे होतं.

त्या रात्री आईशी व्हिडिओवर बोलले. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, पण सहा दिवसांतून एक तास ती पोरं करतात तरी काय?"

"पूल बांधतात, वादविवाद करतात."

"मग ते बाकीच्यांना का नको?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला आठवलं, मुख्याध्यापक तिला म्हणायचे की स्कॉलरशिपला बसतील अशी वीस पोरं निवडा. ती निवडायची वीसच, पण सकाळी सातला दारात जो येऊन उभा राहील त्याला हाकलायची नाही. "बसू दे की, बाक मोकळा आहे." गुराख्याचा एक मुलगा असाच बसला होता. पुढे त्याचं काय झालं ते तिलाही ठाऊक नाही, पण पाढे त्याचे पक्के झाले एवढं ती आवर्जून सांगते.

आईचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आज माझं स्वच्छ मत आहे की गणितातली वेगळी पातळी समजण्यासारखी आहे. ज्याला अपूर्णांक आले आहेत त्याला पुन्हा वर्षभर अपूर्णांक देणं अन्याय, आणि ज्याला आले नाहीत त्याला पुढे ढकलणं त्याहून मोठा. पण पूल बांधण्याचा तास दहा मुलांपुरता राखून ठेवण्याचं कारण मला अजून कुणी पटवलेलं नाही. आणि निवडायचंच असेल तर सगळ्यांची चाचणी घ्या, शिक्षकांच्या किंवा पालकांच्या शिफारशीवर अवलंबून राहू नका. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत २००५च्या सुमारास दुसरीतल्या झाडून सगळ्या मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं आधीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने निवडली गेली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. मुलं आधीही तीच होती. कुणी त्यांचं नाव सुचवलं नव्हतं, इतकंच.

सहावी सुरू झाली आणि खरी परीक्षा गणितात आली, जिथे माझ्या मते सगळं ठीक होतं.

ॲक्सिलरेटेड गणिताचा हिशोब असा. सहावी, सातवी आणि आठवी अशा तीन वर्षांचं गणित दोन वर्षांत संपवायचं. मग आठवीत अल्जिब्रा वन, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस. अल्जिब्रा नववीत सुरू झालं तर कॅल्क्युलसची पायरी बारावीच्या पलीकडे जाते. उन्हाळ्यात एखादा कोर्स करून किंवा एका वर्षी दोन विषय घेऊन गाठता येतं, पण ती धावपळ. म्हणजे बारावीच्या कॅल्क्युलसचा सांधा पाचवीच्या मे महिन्यात बदलला जातो, आणि तेव्हा मूल अकरा वर्षांचं असतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ साली आठवीतलं अल्जिब्रा सगळ्यांसाठीच बंद केलं होतं, ते परत आणायचं ठरायला २०२४ उजाडलं. एवढं हे दुखरं प्रकरण आहे.

पहिल्या युनिट टेस्टला लेकीला ६८ मिळाले. तिला आयुष्यात कधी गणितात ६८ मिळाले नव्हते. ती घरी येऊन जेवली नाही, आणि दोन दिवसांनी म्हणाली, "मी खालच्या वर्गात जाऊ का?" शिक्षकांचा ईमेलही आला होता : ऑक्टोबर अखेरपर्यंत पातळी बदलता येते, विचार करा. त्यात धमकी नव्हती, साधी माहिती होती.

मी पेपर मागून घेतला. आकडेमोड सगळी बरोबर. चुका होत्या त्या शाब्दिक उदाहरणांत आणि 'तुमचा विचार समजावून सांगा' या ओळीखाली, जिथे तिने काहीच लिहिलं नव्हतं. व्ही उणे! कागदावरची ती खूण मी भाषेपुरती समजले होते. ती गणिताच्या तासालाही तिच्याबरोबर बसलेली होती.

एक उदाहरण मला आजही पाठ आहे. एका घाण्याला पाऊण कप पीठ लागतं, तर साडेचार कप पिठात किती घाणे होतील? तिने दोन्हींचा गुणाकार केला होता. शनिवारी सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी वैतागून म्हटलं, "आजीला सांग हे गणित." आईला इंग्रजी येत नाही. लेकीला ते इंग्रजीत वाचून मराठीत सांगावं लागलं. सांगता सांगता ती दोनदा अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचलं. आजी म्हणाली, "पाऊण वाटी? मग पाऊणकी म्हण की."

"पाऊणकी म्हणजे काय?"

माझ्या आईने तिथल्या तिथे पाऊणकी म्हणून दाखवली. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. लेक बोटं मोजत होती. सहाव्या बोटाला थांबली आणि ओरडली, "सहा!" मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे हे डिव्हिजन होतं."

तेव्हापासून शनिवारी सकाळी नऊ वाजता, तिकडे संध्याकाळी, शाब्दिक उदाहरणांचा तास सुरू झाला. नियम एकच, आजीला गोष्ट सांगितल्यासारखं गणित सांगायचं. आजी मुद्दाम फाटे फोडायची. "रंगारी दोन का? एकट्याने केलं असतं तर?" लेकीला त्याचं उत्तर द्यावं लागायचं, मराठीत, पूर्ण वाक्यात. आणि सोमवारी तेच ती वर्गात इंग्रजीत लिहायची. पुढच्या टेस्टला ७४, त्याच्या पुढच्या टेस्टला ७१. डिसेंबरात ऋण संख्यांवर ८८. आम्ही पातळी बदलली नाही, पण बदलली असती तर तेही चुकीचं नसतं. तिच्या वर्गातला एक मुलगा ऑक्टोबरात साध्या गणिताला गेला. त्याची आई मला नंतर म्हणाली की तो आता पुन्हा रात्री झोपतो.

मार्चमध्ये लेखनाची चाचणी झाली. दोन लेख वाचून एका तासात आपली बाजू मांडायची. विषय होता शाळेत मोबाईल असावा का. सातवीला तिला ऑनर्स लँग्वेज आर्ट्स मिळालं. पहिल्या तिमाहीत बी उणे ही ग्रेड आली आणि आता घाबरायची पाळी माझी होती. मी म्हटलं, बदलून घेऊया का. ती नाही म्हणाली. तिच्या शिक्षिका निबंधाच्या समासात पेन्सिलने प्रश्न लिहायच्या, एका पानावर सात-आठ. "आई, त्या खरंच वाचतात," ती म्हणाली. त्यापुढे माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

जीअँडटीत ती शेवटपर्यंत गेली नाही. सातवीत ओडिसी ऑफ द माइंडच्या संघात मात्र गेली. ही स्पर्धा न्यू जर्सीतच, ग्लासबरोच्या कॉलेजात, १९७८ साली सुरू झालेली. आमच्या शाळेत तिचा क्लब सगळ्यांना खुला आहे. सात मुलांचा संघ, आणि मोठ्या माणसांनी कसलीही मदत करायची नाही असा कडक नियम. त्यांनी बाल्सा लाकडाच्या काड्यांचा एक हलकासा मनोरा केला आणि तो मोडेपर्यंत त्यावर वजनं ठेवली. तिच्या संघात जीअँडटीतल्या दोन मुली होत्या. मनोरा कुठे मोडणार हे ज्याने आधी सांगितलं तो मुलगा कुठल्याच ऑनर्समध्ये नव्हता.

आता कोगॅटच्या सरावाच्या पुस्तकांबद्दल, कारण लायब्ररीत पुढचा प्रश्न तोच असतो. आमच्या भागात तिसरीपासून मुलांना त्याच्या क्लासला घालतात. प्रश्नांचा प्रकार ओळखीचा व्हावा म्हणून दोन-चार नमुने दाखवणं ठीक. कागदाच्या घडीचा प्रश्न कधीच न पाहिलेल्या मुलावर तो अन्याय होऊ नये. पण सहा महिने घोटून मिळवलेला आकडा सहावीत मुलाबरोबर वर्गात येऊन बसत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा : निवड कोणकोणत्या मापांवर झाली, माझ्या मुलाची प्रत्येक मापावर जागा काय, आणि पुन्हा कधी बघणार. तिन्ही उत्तरं लेखी घ्या. आणि अहवाल उघडा. मी सात महिने उघडला नव्हता.

गेल्या जूनमध्ये लेक आठवी झाली. अल्जिब्रा वन ए उणेवर संपलं, ऑनर्स भाषेत बी अधिक, विज्ञान सगळ्यांबरोबर. नववीचं वेळापत्रक आलं त्या शनिवारी तिने ते आजीला वाचून दाखवलं. जॉमेट्री म्हणजे भूमिती, हे कळल्यावर आई उठली, कॅमेऱ्यातून दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिच्या हातात माझा शाळेतला पत्र्याचा कंपास होता. झाकण उघडत ती म्हणाली, "कर्कटक जरा गंजलंय. तुझ्याकडे आहे ना गं बरं?"